खूण करणारा कशावर थांबतो, ते बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

चिंपांझींवर काम करायला आफ्रिकेत कधी जाता येईल, असं तू विचारलंस. त्याआधी तुमच्या तुरीच्या वावरात उतरणारी वानरांची टोळी पाहायला शीक. चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला आफ्रिकेत, ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओत. हे सगळे कपी, म्हणजे माणसाच्या जवळचे, बिनशेपटीचे प्राणी. आपल्या देशातला एकमेव कपी म्हणजे ईशान्येकडचा हुलॉक गिबन, आणि तोही लहान कपींत मोडतो. वानर तर कपी नव्हेच. पण पाहायची रीत तीच.

ती रीत तुला नीट कळली पाहिजे. युगांडातल्या बुडोंगो जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न या संशोधकांनी चिंपांझींचे हातवारे टिपले आणि २०१४ साली ६६ खुणा व त्यांचे १९ अर्थ मांडले. अर्थ ठरवले ते खूण करणारा कशावर थांबतो, हे पाहून. एकजण दुसऱ्यासमोर मोठ्याने आवाज करत अंग खाजवतो. दुसरा येऊन त्याचे केस साफ करू लागतो आणि पहिल्याचं खाजवणं थांबतं. असं पुन्हा पुन्हा घडलं, तरच ‘माझे केस साफ कर’ असा अर्थ लिहायचा. आई पिल्लाला मागे वळवलेला तळपाय दाखवते. पिल्लू अंगावर चढलं की निघते. तिला काय हवं होतं, ते तिच्याच वागण्यातून ठरतं. आपल्याला त्यात राग दिसला की माया, हे वहीत येत नाही. मला ही शिस्त फार मोलाची वाटते. तिच्यामुळे जनावराच्या तोंडी आपलं बोलणं घातलं जात नाही.

संवर्धन हा वेगळा विषय समजू नकोस. बुडोंगोत लोक हरणा-डुकरांसाठी फासे लावतात आणि त्यात चिंपांझींचे हात-पाय अडकून लुळे पडतात. आपल्याकडे डुकरांसाठी कुंपणात करंट सोडतात आणि वाघ मरतो, तसंच. चिंपांझी मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण पाच वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे गेलेला जीव लवकर भरून निघत नाही. तिथल्या संशोधन केंद्राने शिकार सोडणाऱ्यांना शेळ्या दिल्या. हा उपाय मला पटतो, कारण फासे लावणाऱ्याच्या घरचा विचार त्यात आहे. रोही-डुकरांपायी तुझ्या बाबांनी हरभऱ्यात जागली केल्या आहेत. पिकाचं नुकसान काय असतं, हे तुला कुणी शिकवायला नको. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत ते सांगायला लाजू नकोस.

जेन गुडॉल १९६० साली चिंपांझींचा अभ्यास करायला टांझानियातल्या गोम्बेत गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. आज मात्र ती लागतेच. बी.एस्सी. नीट कर, संख्याशास्त्र टाळू नकोस. पुढे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूचं एन.सी.बी.एस. हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. इंग्रजी सरावाने येईल.

सध्या टोळीतली एकच मादी ओळखून ठेव, कान फाटलेली किंवा शेपूट तुटलेली. रोज सकाळी तिच्यामागे राहा, पण अंतर ठेवून. खायला काही देऊ नकोस. तिने काय केलं, कोणी पाहिलं, पुढे काय झालं आणि ती कधी थांबली, एवढंच लिही. मराठीतच लिही. संक्रांतीला मी गावी येते आहे, तेव्हा वही बघेन. कुठे अंदाज लिहिला असशील, तर त्याखाली रेघ मारून ठेव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी