तुमचे प्रश्न : व्हिक्टोरियन घरात आतून कसं वाटायचं?

प्रश्न : राणी व्हिक्टोरियाच्या काळावरच्या कादंबऱ्या वाचल्या, सीरियल्सही बघितल्या, पण त्या काळात वाढलेल्या एखाद्या बाईने स्वतःच्या आठवणी लिहिल्यात का? आणि कॉर्सेट (कंबर घट्ट आवळणारं आतलं वस्त्र), क्रिनोलिन (घागरा फुगवून धरणारा आतला सांगाडा) यांचा जाच खरंच एवढा होता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लिहिल्यात ना, आणि सुरुवात ग्वेन रॅव्हरॅटच्या 'पीरियड पीस'पासून करा असं मी आग्रहाने सांगेन. ग्वेन म्हणजे चार्ल्स डार्विनची नात, जन्म १८८५ चा, केंब्रिजचा, वडील तिथेच खगोलशास्त्राचे प्रोफेसर आणि आई अमेरिकन. ती स्वतः लाकडावर कोरून चित्रं छापायची. पुस्तक आलं १९५२ मध्ये, आतली चित्रंही तिचीच.

आता कपड्यांचं. तिच्या बहिणीला तेराएक वर्षांची असताना पहिल्यांदा कॉर्सेट चढवला तर ती पोरगी रागाने किंचाळत खोलीभर गोल गोल पळत सुटली, आणि ग्वेनचं म्हणाल तर ती गुपचूप जाऊन काढून टाकायची, पकडली गेली की बोलणी खायची, पुन्हा जबरदस्तीने घातला की पुन्हा काढायची. पण क्रिनोलिनबद्दल तिने एटी आत्याला विचारलं तर आत्या म्हणाली, छान असायचं की, पेटीकोट पायात येत नाहीत, चालायला किती हलकं! म्हणजे जाच सरसकट नव्हता.

नदीचा प्रसंग तर वाचाच. उन्हाळ्यात बोटीतून पिकनिकला निघायचं आणि वाटेत पुरुष मंडळी उघडीनागडी पोहत असायची, मग बायका पॅरासोल, म्हणजे उन्हाची छत्री, उघडून त्यात तोंड खुपसून बसायच्या, तो पट्टा मागे पडेपर्यंत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ही एटी आत्याच. खरं नाव हेन्रिएटा, डार्विनची मुलगी, 'डिसेंट ऑफ मॅन'सारख्या ग्रंथाचं मॅन्युस्क्रिप्ट वडिलांसाठी तपासून देणारी हुशार बाई. तेराव्या वर्षी तापातून उठल्यावर डॉक्टर म्हणाले काही दिवस नाश्ता अंथरुणातच दे, तर ती नाश्त्यासाठी जन्मात परत उठली नाही. आणि ८६ व्या वर्षी भाचीला सांगते की मी आयुष्यात कधी एक किटली चहा केलेला नाही, अंधारात एकटी कधी बाहेर पडलेली नाही, बग्गीतूनसुद्धा नाही. एवढी बुद्धी असलेल्या बाईला घराने असं सांभाळलं की साधी कामंही हाताला लागली नाहीत, हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

एक उणीव सांगते, हे सगळं खात्यापित्या घराच्या खिडकीतून दिसतं, चहा करून देणाऱ्या मोलकरणींचं स्वतःचं म्हणणं यात फारसं नाही. त्यासाठी फ्लोरा थॉम्प्सनचं 'लार्क राइज' घ्या, १९३९ चं. ती गवंड्याची मुलगी, ऑक्सफर्डशायरच्या खेड्यातली, आणि तिच्या गावात बारा-तेरा वर्षांपुढची मुलगी घरी राहिलेली दिसायचीच नाही, सगळ्या कुणा ना कुणाच्या घरी कामाला. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, आधी ग्वेन मग फ्लोरा.