‘चांगली माणसं’ : आयर्लंडच्या लोककथांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या रात्रपाळीविषयी लिहिताना ओघात इथल्या लोककथांतल्या, मरणाआधी रडणाऱ्या बॅनशीचा उल्लेख आला, आणि त्या एका ओळीवरच सगळ्यांत जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचं पान त्या पत्रांसाठी. नव्या वाचकांना सांगते, मी मूळची चिपळूणजवळच्या एका खेड्यातली. गेली १९ वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला, काऊंटी क्लेअरमधल्या एनिस गावात नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. रात्री झोप न येणारी माणसं बोलतात. पुढची उत्तरं त्यांच्याकडून ऐकलेली आहेत, आणि ऐकल्यावर राहवलं नाही म्हणून वाचलेली.

बॅनशी म्हणजे आपली हडळच ना? ती ओरडली की माणूस मरतो, असं वाचलं. (कोल्हापूरहून एक वाचक)

नाही हो. तिच्यावरचा हा आळ मला मनापासून लागतो. आयरिश भाषेत ‘बॅन’ म्हणजे बाई आणि ‘शी’ म्हणजे टेकाड. टेकाडातली बाई. हडळ माणसाला झपाटते, नादी लावते. बॅनशी कुणाच्या वाटेला जात नाही, कुणाला मारत नाही. मरण ठरलेलं असतं. ते तिला आधी कळतं आणि ती रडते, एवढंच. तीही कुणाहीसाठी रडत नाही. ज्यांच्या आडनावामागे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लागतं, अशा जुन्या घराण्यांना ती बांधलेली. कुलदेवीसारखी म्हणावं, तर तिला नैवेद्य नाही, नवस नाही. घरातलं माणूस हजारो मैलांवर अमेरिकेत वारलं तरी ती रडते ती इथल्या मूळ घराजवळ.

आमच्या क्लेअरच्या ओब्रायन घराण्याच्या बॅनशीला नावसुद्धा आहे, ईव्हल. तिचं ठिकाण किलालू गावाजवळचा क्रेगली नावाचा कडा. १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत या घराण्याचा मूळपुरुष, राजा ब्रायन बोरू मारला गेला. माघार घ्या म्हणून सोबतच्यांनी विनवलं, तेव्हा तो म्हणाला की काल रात्री ईव्हल येऊन गेली, आज मी जाणार हे तिनं सांगितलंय. हे त्या लढाईच्या जुन्या आयरिश बखरीत आहे.

तिचं रडणं समजून घ्यायला आपल्याला परकं काही शोधावं लागत नाही. आपल्याकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडायच्या, गेलेल्याचे गुण एकेक आठवून. आयर्लंडमध्ये त्यालाच ‘क्वीना’ म्हणत. त्यात तरबेज बायकांना मुद्दाम बोलावणं जाई. चर्चला ते रुचायचं नाही, पाद्र्यांनी कितीदा बंदी घातली, आणि शेवटी ती रीत मोडली. बॅनशी ही त्या रडणाऱ्या बायांपैकीच एक आहे असं मला वाटतं. माणसांच्या घरातून हाकलली गेल्यावर टेकाडावर उरलेली.

एक जानेवारीची रात्र सांगते. सात नंबरच्या खोलीत एक आजोबा अखेरच्या श्वासावर होते. मागच्या शेतातून एकाएकी किंकाळी आली, लांबलचक, बाईची वाटावी अशी. माझ्या अंगावर काटा आला. ती कोल्ह्याची मादी होती. त्या महिन्यात त्या तशाच ओरडतात, हे मला आता माहीत आहे. (गव्हाणी घुबडाचा चीत्कारही असाच, त्याला आयरिशमध्ये ‘स्मशानातली किंचाळणारी’ असं नाव आहे.) शेजारच्या खोलीतल्या आजी जाग्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, “कुणासाठी आली गं?” त्यांच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. दाराशी कोण आलंय असं आपण विचारतो, तसं. पहाटे आजोबा गेले. सोबतच्या आयरिश नर्सनं आधी खिडकी उघडली, मग डॉक्टरांना फोन केला. जीव बाहेर पडायला वाट हवी म्हणून खिडकी उघडतात. आता मीही उघडते.

आणखी एक. इथले जुने लोक रस्त्यात पडलेली फणी उचलत नाहीत. बॅनशी केस विंचरत बसते, फणी तिची असू शकते. एकानं उचलून घरी नेली, तर रात्री ती खिडकीशी येऊन आक्रोश करू लागली. घरातल्यांनी चुलीच्या चिमट्यात फणी धरून खिडकीबाहेर केली. चिमटा आत घेतला तो पिळवटलेला. हातानं दिली असती तर हात गेला असता.

मुलगा लेप्रिकॉनचं हिरवं चित्र काढून घेऊन आला. तो कोण? (पुण्याच्या एक पालक)

एकटा राहणारा, बूट शिवणारा बुटका. त्याच्यावरची नजर न हलवता त्याला धरलं, तर तो पुरलेलं सोनं दाखवतो. नजर हलली की गायब. हिरवा कोट अलीकडचा. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत तो लाल कोटातच आहे. त्याहून जुनी गोष्ट मुलाला जास्त आवडेल. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा राजा फर्गस समुद्रकाठी झोपला होता. पाण्यातली इवलीशी माणसं त्याला उचलून समुद्रात नेऊ लागली. पायाला गार पाणी लागलं तसा तो जागा झाला आणि त्यानं तिघांना पकडलं. सुटकेच्या बदल्यात त्यांनी त्याला पाण्याखाली पोहण्याची विद्या दिली. लेप्रिकॉनचा हा सर्वांत जुना उल्लेख, सुमारे आठव्या शतकातला. त्यात ना बूट, ना सोनं.

‘फेअरी’चं भाषांतर ‘परी’ करावं का? (नागपूरच्या एक अनुवादक)

माझी कळकळीची विनंती, करू नका. परी म्हटलं की पंख आणि चांदणीची काठी डोळ्यांसमोर येते. इथले ‘शी’ साधारण माणसाएवढेच असतात. त्यांची गुरं असतात, लग्नं होतात, गावागावांत हाणामाऱ्या होतात, चेंडूफळीसारखे खेळ रंगतात. पुराणकथा सांगतात की तूआहा डे डानन नावाचे देवतुल्य लोक या बेटाचे धनी होते. नंतर आलेल्यांनी त्यांना हरवलं, तेव्हा जमिनीवरचा अर्धा भाग जेत्यांना आणि जमिनीखालचा त्यांना, अशी वाटणी झाली. बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं, ते त्यांच्यातल्या एंगसचं घर मानतात.

म्हातारी माणसं तर ‘फेअरी’ हा शब्दच उच्चारत नाहीत. ‘चांगली माणसं’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘ती मंडळी’. मला हे पहिल्या महिन्यातच कळलं, कारण माझी आजी तिन्हीसांजेनंतर साप हा शब्द तोंडातून काढू द्यायची नाही. लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं. ज्याच्याशी वैर परवडणारं नाही आणि ज्याच्या शेजारीच राहायचं आहे, त्याचं नाव असं जपून घेतात. अनुवादात मी ‘चांगली माणसं’ हेच ठेवीन.

आमच्याकडे रानात चकवा लागतो. तिकडे असं काही आहे का? (गुहागरचे एक ज्येष्ठ वाचक)

आहे, आणि तुमच्या चकव्याचा तो सख्खा भाऊ शोभेल. त्याला ‘फोडीन मॅरी’ म्हणतात, भुलवणारं ढेकूळ. एखाद्या शेतात तेवढ्या मातीवर पाय पडला की ओळखीच्या कुंपणातलं फाटक सापडत नाही. माणूस रात्रभर कडेकडेनं फिरत राहतो. उपाय म्हणजे कोट काढून उलटा घालायचा. आमच्याकडचे एक आजोबा तरुणपणी स्वतःच्या चार एकरांत पहाटेपर्यंत फिरले होते. कोट उलटा केला आणि फाटक समोर, अगदी हाताशी.

दुसरं एक गवत आहे, त्याची गोष्ट मात्र जड आहे. ‘फेअर गोर्ताख’, भुकेचं गवत. त्यावर पाय पडला की अशी भूक लागते की माणूस जागीच कोसळतो. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात इथे सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. भुकेनं जिथे कुणी पडलं तिथे हे गवत उगवलं, असं सांगतात. म्हणून चालत निघताना खिशात भाकरीतुकडा ठेवायचा. याच आजोबांच्या गाऊनच्या खिशात रोज पावाची कड सापडायची. कपडे धुणारी मुलगी वैतागायची. कारण कळल्यावर आम्ही धुताना ती काढायचो आणि नवी ठेवायचो.

मुलं बदलून नेण्याच्या गोष्टी वाचल्या. यातून कुणाला इजा झाली असेल का? (लातूरच्या एक बालरोगतज्ज्ञ)

डॉक्टर, झाली. हा प्रश्न टाळून बाकीच्या गोष्टी सांगणं मला पटलं नसतं.

समजूत अशी की ‘ती मंडळी’ धडधाकट मूल किंवा तरुण बाई पळवतात आणि जागी आपलं एक आजारी, किरकिरं माणूस ठेवतात. न वाढणारं मूल, खंगत चाललेली बाळंतीण, यांचा अर्थ असा लावला जाई. संरक्षणाचे उपाय आपल्याला ओळखीचे वाटतील. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचा. मुलगा असेल तर त्याला झगा घालून मुलगी भासवायचं, जशी आपल्याकडे दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे. बाळाचं कौतुक केलं तर लगेच ‘देव भलं करो’ म्हणायचं. एका आजींचा पणतू भेटायला आला तेव्हा मी नुसतंच “किती गोड!” म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं, मी ते शब्द म्हणेपर्यंत सोडलं नाही.

इथवर ठीक. पण बदललेलं माणूस ‘परत पाठवण्याचे’ उपायही होते, विषारी वनस्पतीचा काढा, आग. मार्च १८९५ मध्ये टिपररी काऊंटीतल्या बॅलीव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. शिवणकाम करणारी, स्वतःचं शिवणयंत्र असलेली, कोंबड्या पाळून अंडी विकणारी, पंचविशीतली बाई. डॉक्टर येऊन गेले होते, त्यांना ब्राँकायटिस दिसला होता. पण नवरा मायकल म्हणू लागला की ही माझी बायको नव्हे. नातेवाइकांनी धरून तिला काढे पाजले, तू कोण आहेस असं पुन्हापुन्हा विचारलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्यानं दिव्याचं तेल ओतून तिला जाळलं. तेव्हा घरात तिचे वडील होते, जवळचे नातेवाईक होते. नंतर ‘त्या मंडळीं’चं घर समजल्या जाणाऱ्या जवळच्या मातीच्या गढीपाशी तो रात्री थांबत होता, कारण खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल असं त्याला वाटत होतं. आठवड्यानं पोलिसांना तिचा देह उथळ खड्ड्यात सापडला. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची सक्तमजुरी झाली, १५ वर्षांनी तो सुटला.

मी नर्स आहे. छातीत कफ भरलेली बाई कशी दिसते, तापात कशी बोलते, हे मी रोज पाहते. इंग्रज वर्तमानपत्रांनी तेव्हा लिहिलं की अशा लोकांना स्वराज्य कसं द्यायचं. तेही मला सहन होत नाही, कारण त्यांना तिचं दुःख नव्हतंच. मला वाटतं, स्वतःच्या पैशानं जगणारी आणि नवऱ्याला न भिणारी बाई त्या घराला आधीपासूनच बदललेली वाटत असावी. गोष्ट नंतर मदतीला आली.

या कथा लिहून कोणी ठेवल्या? (साताऱ्याहून एक शिक्षक)

तुमच्या व्यवसायातल्या लोकांनी. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. त्यानं १९३७ ते १९३९ या काळात शिक्षकांकरवी प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. घरी जा, आजीआजोबांना विचारा, वहीत उतरवा. सुमारे ५०,००० मुलांनी लिहिलं. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपल्या आहेत आणि आता त्यांची पानं इंटरनेटवर दिसतात. आमच्याकडच्या एक आजी, आता नाहीत, त्या मुलांपैकी होत्या. एका रात्री टॅब्लेटवर त्यांची शाळा शोधून काढली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, “हा माझा ‘g’. तेव्हाही शेपूट लांबच काढायचे.” पान त्यांच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीचं होतं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.

आता कुणी मानतं का? मी मे महिन्यात शॅनन विमानतळावर उतरणार आहे. (ठाण्याच्या एक वाचक)

मग उत्तर तुम्हाला विमानतळाहून एनिसला येतानाच दिसेल. लटून इथे महामार्गालगत कुंपणाच्या आत एक बुटकं काटेरी झाड आहे, हॉथॉर्नचं. १९९९ मध्ये रस्त्याच्या आराखड्यात ते जाणार होतं. एडी लेनिहन या क्लेअरच्या कथाकारानं वर्तमानपत्रांत जाहीर लिहिलं की दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची ‘ती मंडळी’ पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांतवाल्यांशी लढायला निघताना याच झाडापाशी जमतात, तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील. आराखड्यात फेरफार झाला, झाड राहिलं. २००२ मध्ये कुणीतरी रात्री करवतीनं त्याच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. झाड पुन्हा फुटलं.

मानता का, असं थेट विचारलंत तर बहुतेक लोक नाही म्हणतील. पण शेतात गोल मातीचा बांध असलेली जुनी गढी असेल, तर ट्रॅक्टर तिला वळसा घालतो. अशा ४० हजारांहून अधिक गढ्या या बेटावर आहेत. पुरातत्त्ववाले सांगतात की त्या हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून त्या टिकल्या, त्या या भयानं. आमच्या कोकणातल्या देवराया आठवा.

मे महिन्यात हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी भरून जाईल. पाहा, वास घ्या, पण फांदी तोडून घरात आणू नका. पहिल्या वर्षी मी आणली होती, पाडव्याला दाराशी फुलं लावावीत तशा आनंदानं, आणि फुलदाणीत ठेवली होती. घरमालकीणबाई आल्या, एक शब्द न बोलता फुलदाणी उचलून अंगणाच्या टोकाला गेल्या, फांदी कुंपणापलीकडे ठेवली. मग फुलदाणी दोनदा धुऊन परत आणून दिली आणि चहाला आधण ठेवलं.