वाचकांचे प्रश्न : रेफ्रींनी शेणाबद्दल विचारलंय

प्रश्न : मी सोलापुरात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. नान्नज परिसरातल्या माळरानावरच्या शेणकिड्यांवर माझा पहिला पेपर एका जर्नलला पाठवला होता. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करा, असं उत्तर आलं. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या एका तज्ज्ञांनी, म्हणजे रेफ्रींनी, विचारलंय, सापळ्यात ठेवलेलं शेण कुठल्या जनावरांचं होतं आणि त्यांना जंतनाशक दिलं होतं का? ही नोंद माझ्याकडे नाही. गाईड म्हणतात, कशाला डोक्याला ताप, पैसे भरले की आठवड्यात छापणारं जर्नल आहे, तिकडे देऊ. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तिकडे देऊ नका. मेजर रिव्हिजन म्हणजे नकार नव्हे. पेपर नकोच असता तर संपादकांनी तसं कळवलं असतं. आणि तुमचे रेफ्री फार चांगले आहेत. त्यांनी पेपर खरोखर वाचलाय, हे त्या एका प्रश्नावरून कळतं.

जंत आणि गोचिडांसाठी गुरांना आयव्हरमेक्टिन देतात. ते बऱ्याच अंशी शेणातून बाहेर पडतं आणि शेणात वाढणाऱ्या अळ्यांना मारक ठरतं. अशा शेणाकडे किड्यांची ओढही बदलू शकते. मग एका माळावर किडे कमी सापडले, ते चराई जास्त म्हणून की औषधामुळे? तुमचा सगळा निष्कर्ष या प्रश्नावर उभा आहे.

तेव्हा आधी त्या गोठ्यावर जा. शेण ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारा, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांशीही बोला. कोणत्या महिन्यात औषध दिलं, एवढं कळलं तरी पुष्कळ. मिळेल ते मेथड्समध्ये, म्हणजे काम कसं केलं ते सांगणाऱ्या भागात घाला. काहीच मिळालं नाही, तर 'ही माहिती नोंदवलेली नाही' असं सरळ लिहा आणि निष्कर्ष तेवढ्या बेताने मांडा. अंदाजाने 'औषध न दिलेल्या गाईचं शेण' असं मात्र कदापि लिहू नका.

त्याच बैठकीत मेथड्सचा बाकीचा भागही तपासा. सापळा म्हणून जमिनीत पुरलेल्या ग्लासच्या तोंडाचा व्यास किती, काठ जमिनीच्या पातळीत होता का, दोन सापळ्यांत अंतर किती, किती तास ठेवले, मध्ये पाऊस झाला का? सांगोल्याच्या माळावर कुणाला हेच काम करायचं असेल, तर तुम्हाला फोन न करता करता आलं पाहिजे. वनखात्याच्या परवानगीचा क्रमांकही हवा. ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या प्रजातीतल्या बारीक जाती ओळखणं अवघड असतं. खात्री नसेल तिथे 'ऑन्थोफॅगस, जात १' असंच ठेवा आणि टाचणीला लावलेले नमुने पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा करता येतील का, ते विचारा. नमुना जपलेला असला की पुढे कुणी तज्ज्ञ नाव दुरुस्त करू शकतो.

उत्तर लिहिताना रेफ्रींचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर द्या, आणि बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला ते सांगा. एखादा मुद्दा पटला नाही तर कारण देऊन तसं लिहायला हरकत नाही. वेळ कमी पडत असेल तर संपादकांना दोन ओळींची मेल करा. मुदत बहुधा वाढवून देतात.

आता त्या आठवड्यात छापणाऱ्या जर्नलबद्दल. आठवड्याभरात रेफ्री शोधायचे, त्यांनी वाचायचं, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, हे होत नाही. तिथे पेपर तपासलाच जात नाही, नुसता छापला जातो. शिवाय पहिल्या जर्नलमधून पेपर रीतसर मागे न घेता दुसरीकडे पाठवणं हा नियमभंग आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावरच आहे. त्याचे जुने अंक उघडा, संपादक मंडळावरची माणसं त्या विषयात खरंच काम करतात का ते बघा. आणि घाई नेमकी कशाची? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा आजचा नियम काय, तो पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या आणि तो कागद गाईडसमोर ठेवा. विद्यार्थ्याने गाईडशी हे बोलणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे. पण पहिल्या लेखकाच्या जागी नाव तुमचं आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. उजनीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं पक्षी पाहतो. माझ्या नोंदी कुणी छापेल का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : जरूर छापतील, पदवीची अट नसते. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) जर्नलमध्ये अशी छोटी टिपणं छापण्याची जुनी परंपरा आहे, कोइमतूरहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'मध्येही टिपणं येतात. मात्र उजनीवर रोहित (फ्लेमिंगो) दिसले, ही बातमी नव्हे. नेहमीपेक्षा वेगळ्या हंगामात दिसले, घरटी केली, अभ्यासकांनी पायात क्रमांकाची कडी घातलेला पक्षी सापडला, तर ते टिपण होतं. तारीख, वेळ, नेमकी जागा, संख्या आणि फोटो हवेत. कडीवरचा क्रमांक वाचता आला तर तो आधी मुंबईला बीएनएचएसकडे कळवा, टिपण त्यानंतर लिहा.