कुंभार्ली घाटाखालचा कोकण किनारा पोर्तुगीजांचा होता का?

नाही. कराडहून कुंभार्ली उतरल्यावर लागणाऱ्या चिपळूण-दाभोळ-बाणकोट पट्ट्यात पोर्तुगीजांचं टिकाऊ राज्य कधीच नव्हतं. त्यांचं बस्तान उत्तरेला चौल, वसई, दमण आणि दक्षिणेला गोवा इथे. दाभोळ त्यांनी 1508 च्या अखेरीस जाळलं, पण ती स्वारी होती, वसाहत नव्हे. इथे आधी आदिलशाही, मग मराठे. इंग्रजांच्या हाती पहिल्यांदा आलं बाणकोट, तेही पेशव्यांशी झालेल्या 1756 च्या तहाने. आपल्या महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री तिथेच समुद्राला मिळते. बाकीचा पट्टा थेट 1818 मध्ये गेला. जिल्ह्याचं ठाणं आधी बाणकोटलाच होतं, 1822 मध्ये ते रत्नागिरीला हललं.

घाटावरच्यांना खरा संबंध व्यापाराचा. 1880 चं रत्नागिरी गॅझेटिअर काढून चिपळूणची नोंद वाचा: देशावरचा कापूस बैलांवरून घाट उतरायचा, वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटला होड्यांत चढायचा आणि दाभोळमार्गे मुंबईला जायचा. परतीला मीठ, नारळ. घाटावर रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर ही खाडीची वाहतूक बसली. कोकण रेल्वे मात्र पूर्ण धावायला 1998 उजाडलं.

एक लक्षात ठेवा, 'किनारा इंग्रजांचा' हेही सरसकट खरं नाही: जंजिरा आणि सावंतवाडी ही संस्थानं 1948 पर्यंत वेगळी होती. आणि जुन्या कागदांत रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही धरलेला असतो, कारण तो 1981 मध्ये वेगळा झाला.