टर्बाइनची पाती सैल का बसवतात आणि ती वितळत का नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गॅस टर्बाइनची पाती डिस्कला, म्हणजे मधल्या फिरत्या चकतीला, वेल्ड न करता खाचेत नुसती सरकवून का बसवतात, आणि फोटोतल्या पात्याच्या तळाला जी तीन भोके दिसतात ती कशासाठी? दोन्हींचे उत्तर रूटपाशीच, म्हणजे डिस्कच्या खाचेत बसणाऱ्या पात्याच्या बुडापाशीच सापडते. पात्यावरचा सगळा भार तिथून डिस्कमध्ये उतरतो आणि थंड करणारी हवाही तिथूनच वर चढते. त्यामुळे एकाची सोय केली की दुसऱ्याची अडचण होते.

आधी भार किती ते बघा. पाते ३०० ग्रॅमचे, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ३५ सेंटिमीटरवर आणि वेग मिनिटाला १२,००० फेरे धरू. कोनीय वेग सेकंदाला सुमारे १,२५७ रेडियन येतो. त्याच्या वर्गाला त्रिज्येने आणि वस्तुमानाने गुणले की जवळपास १,६६,००० न्यूटन, म्हणजे १७ टनांच्या आसपास ओढ. हातात मावणाऱ्या एका तुकड्यावर, आणि तेही धातू लालभडक असताना.

ही ओढ एका खांद्यावर पेलणारी नाही. म्हणून रूटला दोन्ही बाजूंनी दातांच्या जोड्या असतात, खाली खाली निमुळत्या होत जाणाऱ्या. फर झाडासारख्या या आकाराला फर-ट्री रूट म्हणतात. डिस्कच्या कडेला तशाच खाचा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार ओढून, कापतात आणि पात्याचे रूट ग्राइंडिंगने त्याच आकाराला आणतात. दातांमधले अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी चुकले, तरी एकच जोडी बहुतेक भार उचलते आणि बाकीच्या नुसत्या बघत बसतात. इथली अचूकता सगळी दातांच्या टेकणाऱ्या बाजूंवर खर्च होते. उरलेल्या बाजूंना मुद्दाम फट ठेवलेली असते. थंड रोटर हाताने सावकाश फिरवला की पाती किंचित डुलतात, खटखट वाजतात. त्यात बिघाड काही नाही. वेग वाढला की तीच ओढ त्यांना दातांवर घट्ट बसवते.

वेल्ड का नाही? डिस्क आणि पाते यांच्याकडून दोन वेगळी कामे हवी असतात. डिस्क फोर्जिंगची, म्हणजे दाबून घडवलेली, बारीक कणांची, पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराच्या थकव्याला दाद न देणारी. पाते निकेलच्या मिश्रधातूचे, अनेकदा एकाच स्फटिकाचे ओतलेले, म्हणजे तापलेल्या अवस्थेत ताणाखाली हळूहळू लांबत जाणे कमी होते. असे पाते वेल्ड केले तर जोडापाशी ती स्फटिकरचना बिघडते. शिवाय खाचेतल्या घर्षणाने कंपने थोडी विझतात, आणि एक पाते खराब झाले तर तेवढेच बदलता येते.

पुढे-मागे सरकण्याची ओढ या १७ टनांपुढे किरकोळ असते. तिच्यासाठी लॉकिंग प्लेट, वाकवलेली पट्टी किंवा खाचेत बसणारी रिंग पुरते. पण हे कुलूप म्हणजे नुसता अडसर नव्हे, ते हवेच्या वाटेवरचे दारही आहे.

आता हवा. आधुनिक विमान इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी वायूचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या वर असते आणि पात्याचा धातू त्याच्या कितीतरी आधी वितळू लागतो. थंड करायला कंप्रेसरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा दाबणाऱ्या भागातून, काढलेली हवा वापरतात. तीही ५०० ते ७०० अंशांची, पण इथे तिला थंडच म्हणायचे. स्थिर नोझल्समधून तिला फिरण्याच्या दिशेने वळण देऊन सोडतात, म्हणजे फिरत्या डिस्कच्या दृष्टीने ती आणखी थोडी गार ठरते. मग डिस्कच्या कव्हर प्लेटमागून, म्हणजे डिस्कवरच्या झाकणामागून, खाचेच्या तळाशी राखलेल्या फटीत, आणि तिथून तुमच्या त्या तीन भोकांतून वर.

आत ती नागमोडी वाटांनी फिरते. भिंतींवरच्या आडव्या उंचवट्यांमुळे तिला खळबळ मिळते आणि उष्णता अधिक उचलली जाते. शेवटी पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून आणि मागच्या कडेच्या फटींतून ती बाहेर पडते. छिद्रांतून निघालेली हवा पात्याला चिकटून पातळ पडद्यासारखी वाहते. वर झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा, लेप असतोच. (पोकळ पाते ही काही आजची युक्ती नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी निकेलच्या टंचाईपायी युमो ००४ या जेट इंजिनात पत्र्याची पोकळ, हवेने थंड होणारी पाती बसवली होती.)

सगळे लोक त्या छिद्रांच्या प्रेमात पडतात. मला विचाराल तर खरी गोष्ट दाबाची आहे. पात्याच्या पुढच्या कडेवर वायू थेट आदळतो, म्हणून तिथे बाहेरचा दाब सर्वांत जास्त असतो. आतला दाब त्याहून जास्त राहिलाच पाहिजे. तो घसरला तर छिद्रांतून हवा बाहेर येण्याऐवजी तप्त वायूच आत शिरतो. आणि दाब घसरतो कशाने? बऱ्याचदा खाली कव्हर प्लेटच्या किंवा रूटच्या बाजूच्या गळतीने. फट जास्त राहिली म्हणून पाते उडणार नाही, पण वर ते भाजेल. धातूचे तापमान अंदाजापेक्षा ३० अंशांनी जास्त निघाले तरी आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. बरे, जास्त हवा सोडून द्यावी म्हटले तर तीही फुकटची नाही. ती दाबायला टर्बाइननेच काम केलेले असते, आणि थंड करण्यासाठी एकूण हवेचा पाचवा हिस्सा जाणे काही नवलाचे नाही.

दुसरी अडचण भोकांचीच. रूटची मान आधीच सर्वांत अरुंद, तिच्यातून १७ टन जायचे आणि तिच्यातच हवेसाठी पोकळी करायची. डिस्कच्या अंगातून भोक पाडणे तर त्याहून वाईट, कारण भोकाच्या कडेला ताण एकवटतो. पाते तुटले तर इंजिनाच्या आवरणाने त्याला अडवायचे असते, पण डिस्क फुटली तर तिचे तुकडे अडवेल असे आवरण विमानात नेण्याजोगे होत नाही. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए३८० विमानात तेलगळतीच्या आगीनंतर टर्बाइनची डिस्क फुटली आणि तुकडे पंखाच्या आरपार गेले. दोष तेलाच्या नळीचा होता, पात्यांच्या जोडाचा नव्हे. तरी डिस्कला लोक इतके का जपतात ते यावरून कळावे. म्हणूनच मोडायचेच झाले तर आधी पाते मोडावे, डिस्कवरचे दात नाही, अशी ताकदीची उतरंड ठेवतात.

तुमच्या हातात ते पाते असेल तर दातांच्या वरच्या बाजूंवर चकाकणारे पट्टे शोधा. सगळ्या दातांवर, दोन्हीकडे सारखे असतील तर भार नीट वाटला गेला होता. नंतर तळाच्या भोकांत बारीक तार घालून बघा. ती मोकळी जात नसेल तर आत धूळ साचली आहे, आणि त्याच वाटेच्या वर कुठेतरी लेप उडालेला दिसण्याची शक्यता बरीच आहे.