डीव्हीटीच्या सोनोग्राफीवरील संशोधनाचा कल : निबंध मोजण्याआधी रुग्ण वेगळे करा

खोल शिरांतील रक्ताच्या गुठळ्यांच्या, म्हणजे डीव्हीटीच्या, सोनोग्राफीवरील संशोधनाचा चाळीस वर्षांतील कल आपण मांडत आहात, निबंधांच्या नोंदी उतरवून झाल्या आहेत, शोधशब्दांचा नकाशाही (कोणते विषयशब्द किती वेळा आणि कशासोबत येतात हे वर्तुळांनी दाखवणारा) तयार आहे, आणि तरीही ‘यातून कळले काय?’ असे विचारून मार्गदर्शक मसुदा परत करीत आहेत, असे आपण लिहिले आहे. याच जागी मी जवळपास वर्षभर अडकून पडले होते, म्हणून सविस्तर लिहिते. नोंदी कोठून घ्याव्यात, दुबार नोंदी कशा काढाव्यात, हे आपल्याला ठाऊक असणारच. मी स्वतः रुग्ण तपासत नाही, माझे काम प्रकाशित संशोधनाच्या विश्लेषणाचे आहे. तेव्हा यातील काहीही उपचारांचा सल्ला म्हणून वाचू नये.

माझी चूक अशी की मी सगळे निबंध एकाच ढिगात घातले. नकाशावर ठळक वर्तुळे उमटली, आणि सोनोग्राफीची अचूकता फार पूर्वीच सिद्ध झाली असून संशोधन आता पुढच्या विषयांकडे वळले आहे, असे मी लिहून टाकले. ते अर्धेच खरे होते. लेन्सिंग आणि सहकाऱ्यांच्या 1989 सालच्या अभ्यासात सोनोग्राफीच्या प्रोबने, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या उपकरणाने, दाबल्यावर शीर मिटते की नाही (गुठळी असेल तर ती पूर्ण मिटत नाही), या एकाच निकषावर मांडीतील आणि गुडघ्यामागील शिरांतल्या गुठळ्या जवळपास सर्व ओळखता आल्या. परंतु ते रुग्ण लक्षणे घेऊन आलेले होते, आणि पोटरीतील गुठळ्यांच्या बाबतीत हीच पद्धत बरीच तोकडी पडली. पुढे 1995 साली वेल्स आणि सहकाऱ्यांनी, अस्थिशल्यक्रिया झालेल्या पण कोणतेही लक्षण नसलेल्या रुग्णांवरील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काटेकोर पद्धतीच्या अभ्यासांत संवेदनशीलता, म्हणजे असलेल्या गुठळ्यांपैकी ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण, 62 टक्के निघाली, तर सैल पद्धतीच्या अभ्यासांत 95 टक्के. लक्षणे नसलेल्या रुग्णांत गुठळ्या बहुधा लहान असतात, शीर पूर्ण बंद करीत नाहीत आणि अनेकदा पोटरीत असतात, म्हणून त्या निसटतात. माझ्या नकाशात मात्र हे दोन्ही निबंध एकाच वर्तुळात होते, कारण रुग्ण कोण होते आणि अभ्यास किती भक्कम होता हे शोधशब्द सांगत नाहीत. समीक्षकाने हे एका ओळीत दाखवून दिले, आणि मला सगळे गोषवारे पुन्हा पहिल्यापासून हाताने वाचावे लागले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने भरल्याशिवाय एकही आलेख काढू नये : रुग्णाला लक्षणे होती की नव्हती, शिरांचा कोणता भाग तपासला, आणि निदान पडताळले कशावर, व्हेनोग्राफीवर (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रावर) की पुढच्या तीन महिन्यांच्या पाठपुराव्यावर. तिसऱ्या रकान्यातच खरा कल दिसतो. सुरुवातीचे संशोधन ‘गुठळी दिसते का?’ असे विचारत होते. नंतरचे ‘न दिसलेल्या गुठळीमुळे रुग्णाचे पुढे काही बिघडते का?’ असे विचारू लागले. बर्नार्डी आणि सहकाऱ्यांच्या 2008 सालच्या चाचणीत दोनच ठिकाणी शीर दाबून पाहणे, त्याला डी-डायमर या रक्तचाचणीची जोड देणे आणि गरजेप्रमाणे तपासणी पुन्हा करणे, याची तुलना संपूर्ण पायाच्या रंगीत डॉपलरशी (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीशी) केली गेली, आणि तीन महिन्यांअखेर दोन्ही मार्ग तुल्यबळ ठरले. प्रश्नातील हा बदल कोणताही शोधशब्द टिपत नाही.

शोधसूत्राबद्दलही, म्हणजे नोंदी शोधताना वापरायच्या शब्दांबद्दलही, थोडे सांगते. जुन्या नोंदींत हाच आजार पुष्कळदा ‘थ्रोम्बोफ्लेबायटिस’ या नावाखाली सापडतो. ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ हे नाव पाहून नोंद वगळू नका. नावात वरवरची म्हटले असले तरी ती खोल शीर आहे, आणि 1995 सालीच या फसव्या नावाच्या धोक्याबद्दल इशारा दिला गेला होता. ध्वनिलहरी सोडणारा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, शिरेत घालून गुठळी विरघळवण्याचे निबंधही ‘अल्ट्रासाउंड’ या शब्दामुळे आत शिरतात. तो उपचार आहे, प्रतिमांकन नव्हे. तसेच 2020 नंतरची निबंधांची उसळी बऱ्याच अंशी कोविडमुळे आहे, तिला तंत्रज्ञानाची झेप समजू नका.

एक गोष्ट मात्र मनात अजून सलते. केवळ छापील निबंध वाचायचे असताना आमच्या येथील परवानगी देणाऱ्या कार्यालयाने रुग्णांच्या संमतिपत्राचा नमुना मागितला, आणि ‘रुग्णच नाहीत’ हे पटवण्यात पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत एकाही अधिकाऱ्याने अर्जाचा पहिला परिच्छेद वाचला असता तर प्रश्न सुटला असता. आपण सूट मिळण्याचा अर्ज आरंभीच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

नव्या विषयांपैकी इलॅस्टोग्राफी, म्हणजे ऊती किती ताठर आहे हे मोजणारी सोनोग्राफी, मला महत्त्वाची वाटते, कारण गुठळी जुनी होत जाते तशी ताठर होते, आणि पुन्हा सुजलेल्या पायात जुने काय व नवे काय हे नेहमीच्या तपासणीत ठरवणे अवघड असते. 2018 सालच्या तज्ज्ञांच्या एकमताच्या शिफारशींनी तर शिरेत मागे राहिलेल्या खुणांना ‘जुनी गुठळी’ न म्हणता ‘गुठळीनंतरचे दीर्घकालीन बदल’ म्हणावे असे सुचवले, जेणेकरून विनाकारण औषधे सुरू होऊ नयेत. यंत्रशिक्षणाच्या (चित्रांवरून संगणकाला गुठळी ओळखायला शिकवण्याच्या) निबंधांबाबत मात्र मी सावध आहे. एकाच रुग्णाची चित्रे प्रशिक्षणात आणि चाचणीतही आली असतील तर अचूकतेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून विभागणी रुग्णनिहाय आहे का आणि चाचणी दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णांवर झाली आहे का, यासाठी चौथा रकाना ठेवा.

आधी शंभरच नोंदींवर हे रकाने भरून पाहा. लक्षणांचा रकाना गोषवाऱ्यावरून भरता येत नसेल तर मूळ निबंध उघडावाच लागेल. तेथे अंदाजाने ‘लक्षणे होती’ असे लिहू नका, ‘नमूद नाही’ असेच लिहा, आणि अशा नोंदी किती निघाल्या तो आकडाही मसुद्यात द्या.