धरणाच्या पाण्यात चालवायला २२ फुटी शिडाच्या होडीची कील (तळाखालचं वजनदार पातं) कापून ड्राफ्ट (होडी पाण्यात जाते ती खोली) कमी करावा का?

कापू नका. मी कापलीय, म्हणून सांगतोय.

बामणोलीला चालवायला आम्ही मुंबईहून अशीच जुनी होडी आणली. कील सव्वाचार फूट. पावसाळ्यानंतर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, तुडुंब असतो तेव्हा काळजी नाही, रडायची वेळ मे महिन्यात येते. आमचे दाजी म्हणाले, खालून एक फूट कापू आणि तळाशी दोन्हीकडे शिशाचे आडवे पंख लावू. १९८३ साली 'ऑस्ट्रेलिया टू' या शर्यतीच्या होडीनं पंखांच्या कीलवर अमेरिकेकडे १३२ वर्षं असलेला 'अमेरिकाज कप' नेला, हे त्यांचं पालुपद. दाजींपुढे बोलायचं कोणी? कापली.

मेमध्ये तापोळ्याकडे जाताना होडी बुडीत गावातल्या शेताच्या दगडी तालीवर चढली. साधी कील असती तर सगळे एका बाजूला लोंबकळलो असतो, होडी कलली असती, कील उचलून सुटलो असतो. दाजींनी तोच हुकूम सोडला. पण पंखवाली होडी कलली की खालच्या बाजूचा पंख अजून खोल जातो. आमचे पंख दोन्हीकडे दीड-दीड फूट. वीस अंश कललो तर चार इंच जास्तच पाणी लागायचं. जितकं लोंबकळलो तितकं रुतलो. तीन तासांनी लाँचवाला आला. दोर बांधता बांधता म्हणाला, "हे तुमच्याच भावकीचं खाचर की!"

दाजी, वाचत असाल तर: कलल्यावर खोल जाणं हा शर्यतीत त्या पंखांचा फायदा होता. कप ज्यांच्याकडे होता त्या न्यूयॉर्कच्या क्लबची तक्रारच ती होती.

असो. नुसती कापली तर तळचं वजन जातं, होडी लवकर कलते. कापलेलं शिसं ओतून तळाला बल्ब, म्हणजे फुगीर गोळा, केला तर वजनाचं भागतं, पण आखूड कील वाऱ्याच्या तोंडी जाताना बाजूला घसरतेच. दोन कीलवाली होडी ओहोटीत चिखलावर उभी राहायला असते. धरणात कुठली ओहोटी? वर ओढता येणाऱ्या कीलची होडी बघा, ही विकून टाका.

तिच्याही खाचेत खडे अडकतात आणि ऐनवेळी कील खाली येत नाही, हे खरं. आणि पलीकडचा काठ अभयारण्याचा आहे. होडी घ्यायच्या आधी परवानगीचं विचारून या.